वर्गातला मका आणि आमच्या वावरातला मका

प्रश्न : ताई, नमस्कार. तुमचं सदर मी पूर्वी आईच्या हातातून ओढून वाचायचे, आता आई मला पानांचे फोटो पाठवते कारण मी इथे अमेरिकेत आयोवा राज्यात आहे, शेती-अर्थशास्त्रात मास्टर्स करतेय. मूळ गाव सिल्लोड तालुक्यातलं. गेल्या आठवड्यात आमच्या वर्गात मक्यावरच्या अवलंबित्वावर चर्चा झाली आणि त्यावर दोन पानी मनोगत लिहून द्यायचंय, आणि मी तीन दिवस झाले पहिल्या ओळीवरच अडकलेय.

झालं असं की सरांनी सांगितलं, काल सकाळपासून जे जे पोटात गेलं ते लिहा आणि त्यात मका कुठे आहे ते शोधा. मला वाटलं माझ्या यादीत काय निघणार, मी तर वरणभात, अंडाकरी, कपभर दूध आणि रात्री मैत्रिणीकडे एक कोल्ड्रिंक, एवढंच घेतलेलं. पण फळा भरला ताई. कोल्ड्रिंकमधली साखर मक्याची, अंडं देणारी कोंबडी मका खाणारी, गायीला मुरघास आणि मक्याचा भरडा, टूथपेस्टमधलं सॉर्बिटॉल मक्यापासून, डोकेदुखीच्या गोळीतला स्टार्च मक्याचा, आणि ज्या गाडीतून मी कॉलेजला आले तिच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, तेही मक्याचंच. शेवटी सर म्हणाले तुमचा एक केस लॅबमध्ये दिला तरी त्यातल्या कार्बनवरून कळतं की तुमच्या शरीरात मका किती गेलाय. सगळा वर्ग गप्प झाला आणि मग एकदम सुरू झालं, मका वाईट, मोठ्या कंपन्या वाईट, शेतकरी सरकारच्या पैशासाठी मका लावतात वगैरे.

मी काहीच बोलले नाही. माझे बाबा साडेतीन एकर मका करतात. माझी इथली पहिली फी त्या मक्यातूनच गेलीय. मला डोळ्यासमोर दिसत होतं की दिवाळीच्या आधी खळ्यावर मका वाळत घातलाय, बाबा तासातासाला पायाने पाळी घालतायत, आणि मग व्यापारी मुठीने दाणे त्या ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकतो आणि आकडा १४ च्या वर आला की भाव तोडतो आणि बाबा नुसते बघत राहतात. त्या वर्गात हे कसं सांगायचं?

वर्ग सुटल्यावर अजून एक मुलगी माझ्यासारखीच गप्प बसलेली दिसली, तिच्या घरी इथेच जवळ शेती आहे. ती म्हणाली, माझ्या वडलांना ओट लावायला खूप आवडेल पण आमच्या भागातल्या एलिव्हेटरवर (म्हणजे धान्य विकत घेणारं मोठं कोठार) मका आणि सोयाबीन दोनच घेतात, ओट विकायला न्यायचा कुठे?

तर मला विचारायचंय की अवलंबून असणं म्हणजे नक्की काय, आमच्या वर्गाने जे केलं ते बरोबर होतं का, आणि बाबांनी मका कमी करावा का? मनोगत तर लिहीनच पण त्याहून जास्त मला हे स्वतःसाठी हवंय.

— एक विद्यार्थिनी, आयोवा

उत्तर : बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या एलिव्हेटरवाल्या मुलीचं एक वाक्य तुमच्या अख्ख्या फळ्यापेक्षा मोठं आहे असं मला वाटतं, मनोगताची पहिली ओळ मी तरी तिथूनच धरली असती. का ते सांगते.

आधी केसाचं बघू कारण ते तुला लागलेलं दिसतंय. सरांनी सांगितलं ते खरं आहे, मका हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने पकडतो आणि त्याची खूण खाणाऱ्याच्या शरीरात उतरते, अगदी मका खाल्लेल्या कोंबडीच्या मांसातून सुद्धा. पण ज्वारी, बाजरी आणि ऊस ही पिकं पण कार्बन तसाच पकडतात. गहू, तांदूळ, डाळी मात्र वेगळ्या. अमेरिकेत फारसं कोणी ज्वारीबाजरी खात नाही म्हणून तिथे ती खूण दिसली की बहुतेक मकाच समजायचा (साखर उसाची असेल तर तिथेही घोटाळा होतोच). तुझ्या आजीचा केस तपासला तर तीच खूण भरपूर निघेल आणि तिने आयुष्यात कणीस खाल्लं असेल ते फक्त पावसाळ्यात शेकोटीवर भाजून. म्हणजे केस हे सांगतो की काय खाल्लं, कशाच्या भरवशावर जगतोय ते तो सांगत नाही. तुमच्या वर्गाची गाडी इथेच चुकली असं माझं मत आहे, त्यांनी ताटात मका मोजला आणि त्यालाच अवलंबित्व म्हटलं.

आता आकडे बघ. अमेरिकेत दरवर्षी ९ कोटी एकरांच्या आसपास मका लावतात, त्यातला सव्वा कोटीहून जास्त एकर तुझ्या आयोवात. पीक निघतं ३५ कोटी टनांच्या वर. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त इथेनॉलच्या कारखान्यात जातो, साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त जनावरं-कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जातो, एक मोठा हिस्सा बोटीतून बाहेर जातो. आणि ज्या कोल्ड्रिंकवर वर्गात एवढं बोललं गेलं ना, त्यातला जो मक्याचा गोड पाक, त्यासाठी १०० पोत्यांतली जेमतेम तीन पोती लागतात. लोकांनी उद्या सगळं कोल्ड्रिंक बंद केलं (करावं, तब्येतीसाठी चांगलंच आहे) तरी आयोवातला शेतकरी पुढच्या वर्षी मकाच लावेल. आणि तो पाक कोल्ड्रिंकमध्ये आला कसा तर १९८० च्या सुमाराला अमेरिकन सरकारने बाहेरच्या साखरेवर कोटा आणि कर लावून स्वतःच्या देशातली साखर महाग ठेवली, मक्याचा पाक स्वस्त पडला आणि १९८४ पर्यंत दोन्ही मोठ्या कोला कंपन्या तिकडे वळल्या. इथेनॉलचंही तसंच, २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये किती मिसळायचं ते ठरवून दिलं, म्हणजे मक्याला एक असं गिऱ्हाईक मिळालं की जे कधी नाही म्हणणारच नाही. एका पिकाला सगळीकडून हमखास गिऱ्हाईक आणि बाकीच्या पिकांना कोणीच नाही, मग शेतकरी काय करणार? तुझ्या मैत्रिणीचे वडील लोभी नाहीत, त्यांच्या वावरातून बाहेर पडायच्या वाटाच दोन उरल्यात.

मी स्वतः अवलंबित्व मोजताना एकच प्रश्न विचारते, हे पीक एक वर्ष गेलं तर कोण कोण बसेल? २०१२ साली अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला, मक्याचा भाव बुशेलला (साधारण २५ किलोला) ८ डॉलरच्या वर गेला. अमेरिकेत कोणी उपाशी मेलं नाही पण कोंबडी, डुक्कर, दूध करणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. आता झांबिया घे. तिथे रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा, आपली भाकरी असते तसा. २०२३-२४ च्या हंगामात एल निनोमुळे पाऊस गेला, लावलेल्या मक्यातला जवळपास निम्मा गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. तिथे मका गेला म्हणजे ताटच गेलं. शब्द दोन्हीकडे एकच वापरतात, अवलंबित्व, पण एकीकडे खिसा अडकलाय आणि एकीकडे पोट. तुझ्या वर्गाने हा फरक केलाच नाही.

आणि आपणही कधी दुसऱ्या बाजूला होतो हे विसरू नकोस. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होते, आमच्याकडे रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. आई ती चाळायची, निवडायची, भाकरी थापली की कडेला फाटायची, रंग लालसर आणि आजोबा पहिला घास तोंडात ठेवून थोडा वेळ तसेच बसायचे. पण खाल्ली, सगळ्यांनी खाल्ली, तीच होती. त्यामुळे कुठल्याही धान्याला कोणी "वाईट" म्हटलं की मला त्रास होतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट, आणि तुझ्या फळ्यावर ती बहुतेक आलीच नसेल, १९७० चा करपा. तुला माहीत असेल की हायब्रीड बियाणं करताना मादी ओळीतल्या झाडांचे तुरे पराग पडायच्या आत काढून टाकावे लागतात, नाहीतर झाड स्वतःच्याच परागाने फळतं. आयोवा, नेब्रास्कात शाळेतली पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत हेच काम करायची, पहाटे दवाने भिजलेल्या पानांतून चालायचं, पानाच्या कडांनी हात ओरबाडून निघायचे, एकेक तुरा ओढून काढायचा. हजारो पोरं लागायची. मग टेक्सासमधल्या एका वाणात असा गुण सापडला की ज्याच्या झाडाला तुरा येतो पण पराग चांगला होत नाही, म्हणजे मजुरीच वाचली. बियाण्याच्या धंद्याने तो इतका उचलला की १९७० पर्यंत अमेरिकेतल्या जवळपास ८५ टक्के मक्यात तो एकच गुण आला. पिशव्या वेगळ्या, कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आतली गोष्ट तीच. फिलिपिन्समधल्या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलं होतं की या गुणाच्या झाडांवर करपा जास्त पडतो, कोणी मनावर घेतलं नाही. १९७० ला बुरशीची एक नवी जात आली आणि तिचं विष नेमकं त्याच गुणाच्या झाडांना लागू पडायचं. फ्लोरिडातून सुरू झाली, उन्हाळा दमट होता, वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकत गेली, पानावर आधी बारीक तपकिरी ठिपके, मग पूर्ण पान जळाल्यासारखं, कणसात काळी बुरशी. देशाचं साधारण १५ टक्के पीक गेलं, दक्षिणेत कितीतरी शेतं निम्म्याहून जास्त गेली, नुकसान १०० कोटी डॉलरच्या घरात. पुढच्या वर्षांत बियाणं कंपन्या परत जुन्या पद्धतीवर आल्या आणि पोरं परत तुरे काढायला शेतात.

मी हे एवढं लांबवून सांगितलं कारण मक्यावरचं खरं अवलंबित्व मला इथे दिसतं. मका खूप होता हे संकट नव्हतं, सगळा मका आतून एकसारखा होता हे संकट होतं.

आता बाबांकडे येऊ. आपल्याकडे मका पूर्वी कोंबडीखाद्य आणि स्टार्चच्या कारखान्यांवर चालायचा, आता इथेनॉल आलंय. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायची मुदत आधी २०३० होती ती २०२५ वर आणली, डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं आणि कारखाने मक्याकडे वळले, त्या वर्षात मका इथेनॉलचा सगळ्यात मोठा कच्चा माल झाला. जो देश मका बाहेर विकायचा त्याने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनहून मका आणला. खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो म्हणून पोल्ट्रीवाले ओरडले, आणि त्यांचंही चूक नाही, पण बऱ्याच वर्षांनी मक्याला भाव मिळाला तो तुझ्या बाबांसारख्यांनाच. मी शेतकऱ्याच्या बाजूने आहे हे उघड सांगते. फक्त एक लक्षात ठेव, हे गिऱ्हाईक दिल्लीतल्या एका कागदाने उभं राहिलंय. उसाचं बंधन २०२४ मध्ये उठलं, २०२५ मध्ये तांदूळही स्वस्तात डिस्टिलरीला दिला, आणि असं झालं की मक्याचा भाव त्याच कागदाने खाली येतो.

म्हणून बाबांनी मका सोडावा असं मी अजिबात म्हणणार नाही. साडेतीन एकर सगळा मका नसावा एवढंच. खरिपात मक्यात तुरीचे पट्टे टाकता येतात, मका निघाल्यावर पाणी असेल तर हरभरा येतो, तो जमिनीला नत्र देतो आणि मका तर नत्राचा फार भुकेला. (तुझ्या आयोवात त्या नत्राचं काय होतं ते नळाच्या पाण्याला विचार, शेताखालच्या पाइपांतून नायट्रेट नदीत जातं, डेस मॉइनच्या पाणी खात्याने २०१५ मध्ये त्यावरून नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंटींच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) निचरा-मंडळांवर खटला भरला होता, २०१७ मध्ये तो फेटाळला गेला, आणि उरलेलं नत्र मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाऊन तिथला प्राणवायू संपवतं.) अर्धा एकर तरी घरच्या खाण्याची बाजरी किंवा ज्वारी राहू दे, कडबा पण होतो. आणि बियाणं घेताना आजूबाजूच्या सगळ्यांनी एकच वाण घेतलं असेल तर बाबांनी मुद्दाम एक पिशवी वेगळी घ्यावी. लष्करी अळी आठवतेय ना, २०१८ मध्ये ती अमेरिका खंडातून फिरत आपल्याकडे आली, पोंग्यात (झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) भुसा दिसला की समजायचं आत बसलीय. बाबांनी पहाटे एकेका पोंग्यात बघितलं असेल. ते तुझ्या वर्गातल्या कोणीही केलेलं नाही, तू ते लिही. मशीनवरचा १४ चा आकडा पण लिही. आणि त्या मुलीला विचारून तिच्या एलिव्हेटरचं पण लिही, तिची हरकत नसेल तर. पुढच्या तासाला तुम्ही दोघी शेजारी बसा आणि बोला.

याच विषयावर नाशिकहून एका वाचक ताईंचं छोटं पत्र आलंय.

प्रश्न : आमच्या घरी हिवाळ्यात मक्याची भाकरी असते, मुलांना आवडते. कुठेतरी ऐकलं की मका रोज खाल्ला तर त्वचेचा आजार होतो, खरं आहे का? बंद करू का?

उत्तर : बंद नका करू. ऐकलंय ते अर्धं खरं आहे. मक्यात नायासिन नावाचं जीवनसत्त्व असतं पण ते असं बांधलेलं असतं की आपल्या पोटाला सुटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात गिरणी कामगार आणि गरीब शेतमजूर वर्षाचे कितीतरी महिने मक्याचं पीठ, काकवी आणि चरबीचा तुकडा एवढ्यावरच काढायचे, त्यांना पेलाग्रा झाला, तुम्ही ऐकलेला त्वचेचा आजार तो हाच. अंगाचा उन्हात उघडा राहणारा भाग काळा पडून सोलायचा, जुलाब, मग डोक्यावर परिणाम, हजारो माणसं गेली. सगळे म्हणायचे संसर्ग आहे, जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या सरकारी डॉक्टरने १९१४ पासून मागे लागून दाखवलं की आहारात खोट आहे. दूध, अंडी, मांस मिळालं की माणसं बरी व्हायची. आपल्या दख्खनमध्येही नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत हा आजार दिसायचा, हैदराबादला आहारशास्त्रज्ञ डॉ. गोपालन यांनी त्यावर मोठं काम केलंय. म्हणजे भाकरीबरोबर दुसरं काही नसणं हा आजार होता. तुमच्याकडे भाकरीसोबत डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, दूधताक असणार, मग काळजीचं कारण नाही.

आणि ज्यांनी मका जगाला दिला त्या मेक्सिकोतल्या बायकांना हजारो वर्षांपूर्वीच यावर उपाय सापडला होता, त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते बांधलेलं नायासिन मोकळं होतं आणि कॅल्शियमही मिळतं. युरोपीय लोकांनी मका नेला, चुना तिथेच राहिला. तुम्हाला करून बघायचं असेल तर एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण १० ग्रॅम खायचा चुना, दाणे बुडून वर चार बोटं राहील एवढं पाणी, अर्धा-पाऊण तास मंद उकळायचं आणि झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवायचं, वरची सालं हाताला सुटून येतात, मग वाटून त्याच पिठाच्या पोळ्या थापायच्या. भांडं ॲल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो, स्टीलचं घ्या.